वसाहतीचा रस्ता नेमका कुणाचा?

वाचक भगिनीचे पत्र: आम्ही बेळगावच्या शहापुरातले भाड्याचे घर सोडून वेंगुर्ले रस्त्यावर हिंडलग्याच्या पुढे एका नव्या वसाहतीत प्लॉट घेतला आणि घर बांधले. माहितीपत्रकात चाळीस फुटी रस्ता दाखवला होता. प्रत्यक्षात मुख्य रस्त्यापासून वसाहतीपर्यंतचा अर्धा किलोमीटर रस्ता दोन ठिकाणी इतका अरुंद आहे की समोरून ट्रॅक्टर आला तर एकाला मागे जावे लागते. वसाहतीत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात आणि बांधकामाची वाळू-खडी पडलेली असते. शाळेची बस आत येत नाही. गेल्या पावसाळ्यात सासऱ्यांना रात्री दवाखान्यात हलवायचे होते, तेव्हा रुग्णवाहिका वळणावरच थांबली आणि त्यांना खुर्चीत बसवून तिथपर्यंत न्यावे लागले. रस्त्याच्या तोंडाशी मंगल कार्यालय झाले आहे. लग्नाच्या दिवशी बाहेर पडता येत नाही. सुगीच्या दिवसांत शेजारच्या शेतकऱ्याने रस्त्यावर काट्या टाकल्या, कारण आमच्यापैकी कुणीतरी त्याच्या रताळ्याच्या वेलांवरून गाडी नेली होती. आता लोखंडी गेट बसवून गावच्या गाड्या बंद करण्याचे वसाहतीच्या बैठकीत ठरत आहे. ज्यांच्याकडून प्लॉट घेतला ते म्हणतात, रस्ता पंचायतीचा. पंचायत म्हणते, तो अजून आमच्या ताब्यात आलेला नाही. माझे पती घर विकून परत शहरात जाऊ म्हणतात. गेट बसवावे का, आणि दाद कुणाकडे मागावी?

उत्तर: ताई, गेट बसवू नका. बैठकीत ठराव व्हायचा असेल तर तो आधी थांबवा. गावातली माणसे नाराज होतील एवढेच त्याचे कारण नाही. जो रस्ता आपला आहे हे अजून कुणाच्याच कागदावर सिद्ध झालेले नाही, त्यावर गेट घातले तर उद्या अतिक्रमण करणारे तुम्ही ठराल आणि आज ज्यांनी तुम्हाला उत्तर द्यायला हवे ते मोकळे होतील. विकणारा पंचायतीकडे बोट दाखवतो आणि पंचायत विकणाऱ्याकडे, ह्यातच तुमच्या बहुतेक अडचणींचे मूळ आहे. गाड्या, वाळूचे ढीग आणि शाळेची बस हे सगळे प्रश्न खरे आहेत, पण मालकी आणि जबाबदारी निश्चित झाल्याशिवाय त्यातला एकही कायमचा सुटणार नाही.

तुम्ही पत्रात ‘रस्ता’ म्हणून एकच रस्ता धरला आहे. प्रत्यक्षात ते तीन तुकडे आहेत आणि प्रत्येकाचा धनी वेगळा असू शकतो. पहिला तुकडा म्हणजे मुख्य रस्त्याला तुमचा रस्ता जिथे मिळतो तो कोपरा. तो भाग मुख्य रस्ता ज्या खात्याकडे असेल, म्हणजे सहसा सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, येतो. काकती किंवा हलग्याकडच्या वसाहतींसारखी तुमची वाट थेट राष्ट्रीय महामार्ग ४८ वर उघडत असती, तर तिथे महामार्ग प्राधिकरणाची परवानगी लागली असती. दुसरा तुकडा म्हणजे शेतांमधून जाणारा अर्धा किलोमीटर. तिसरा म्हणजे वसाहतीच्या आतले रस्ते. तक्रार करताना तिन्ही तुकडे एकाच अर्जात घालण्याची चूक बहुतेक वसाहती करतात, आणि मग तो अर्ज ‘आमच्या अखत्यारीत नाही’ असा शेरा घेऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो.

आतल्या रस्त्यांपासून सुरुवात करा, कारण तिथे तुमची बाजू सर्वांत भक्कम असण्याची शक्यता आहे. तुमच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतील. प्लॉटच्या ज्या बाजूला रस्ता आहे तिथे त्याची रुंदी लिहिली आहे का ते पाहा. त्यानंतर मंजूर ले-आउटचा, म्हणजे प्लॉट आणि रस्त्यांच्या आखणीचा, शिक्क्याचा नकाशा मिळवा. हिंडलगा, सुळगा, उचगाव ह्या पट्ट्यातली गावे पंचायतीच्या हद्दीत असली तरी शहराच्या नियोजन क्षेत्रात येणाऱ्या भागाला ले-आउटची मंजुरी बेळगाव नगरविकास प्राधिकरण, म्हणजे आपण ज्याला बुडा म्हणतो ते, देते. इथे एक फरक नीट समजून घ्या. जिल्हाधिकाऱ्यांचा एन. ए. आदेश फक्त जमिनीचा शेतीव्यतिरिक्त वापर मंजूर करतो. रस्ते किती रुंद, उद्यान कुठे, नागरी सुविधांची जागा कुठे हे ले-आउटचा मंजूर नकाशा ठरवतो. आपल्याकडे नुसत्या एन. ए. आदेशावर, आणि काही ठिकाणी तोही नसताना, गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या वसाहती पुष्कळ आहेत. तुमची वसाहत त्यांपैकी आहे की मंजूर ले-आउट आहे, ह्यावर पुढची सगळी दिशा अवलंबून आहे, म्हणून हा कागद हाती येईपर्यंत कुणाशीही वाद घालू नका.

मंजूर ले-आउट असेल तर मंजुरीच्या अटींप्रमाणे आतले रस्ते, उद्यान आणि नागरी सुविधांच्या जागा विकासकाने, म्हणजे प्लॉट पाडून विकणाऱ्याने, स्थानिक संस्थेला विनामोबदला हस्तांतरित करायच्या असतात, आणि त्याआधी रस्ते, गटारे, पाणी, दिवे ही कामे पुरी करून द्यायची असतात. ‘अजून आमच्या ताब्यात आला नाही’ असे पंचायत म्हणते त्याचा अर्थ बहुधा एवढाच, की हे हस्तांतरण झालेले नाही किंवा कामे अपुरी असल्यामुळे पंचायतीने ते स्वीकारलेले नाही. दोन्ही परिस्थितींत रस्त्याची देखभाल आजही विकासकाचीच जबाबदारी आहे. ‘रस्ता पंचायतीचा’ म्हणणाऱ्या गृहस्थांना एकच गोष्ट लेखी विचारा: हस्तांतरणाचा दस्त कुठल्या तारखेचा आहे आणि त्याचा नोंदणी क्रमांक काय? दस्त असेल तर ते दाखवतील, आणि मग तुम्ही पंचायतीकडे हक्काने जाल. नसेल तर त्यांचे मौन हाच तुमच्या तक्रारीचा पहिला पुरावा होईल.

शेतांमधल्या तुकड्याची गोष्ट अधिक नाजूक आहे, आणि माझ्या मते तुमच्या वसाहतीने ह्याच तुकड्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलेले आहे. गावचा मूळ नकाशा काढा. तो भूमापन खात्याकडे मिळतो, आणि ‘दिशांक’ ह्या सरकारी ॲपवर आपण उभे आहोत ती जागा कुठल्या सर्व्हे नंबरात येते हे मोबाइलवरच दिसते. नकाशात तुमच्या वाटेच्या जागी गाडीवाट किंवा पाणंद दाखवली आहे का, हे पाहा. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या सर्व्हे नंबरांचे उतारे काढून त्यात पोटखराब्याची नोंद बघा. आपल्या राज्यात, म्हणजे कर्नाटकात, पोटखराब्याचे दोन प्रकार आहेत: ‘अ’ खराब म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, आणि ‘ब’ खराब म्हणजे रस्ता, ओढा, तळे, स्मशान अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली जमीन. वाट ‘ब’ खराबात असेल तर ती कुणा एका शेतकऱ्याची नाही. कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ च्या कलम ६७ प्रमाणे सार्वजनिक रस्ते आणि वाटा सरकारच्या मालकीच्या असतात, आणि तहसीलदारांकडे मोजणी मागून मूळ रुंदी कायम करून घेता येते. अशी मोजणी झाली की ज्या दोन ठिकाणी रस्ता आवळला आहे तिथे बांध पुढे सरकला आहे की वाट मुळातच तेवढी होती, हे कळेल.

पण ती वाट खासगी शेतातून, मालकाच्या संमतीने किंवा जुन्या वहिवाटीने चालत आलेली असेल, तर मात्र सावध राहा. ‘वीस वर्षांपासून इथून बैलगाड्या जातात, मग आमच्या मोटारी का नाही?’ असा युक्तिवाद तुमच्या बैठकीत कुणीतरी केलाच असेल. सुविधाधिकार कायदा १८८२ च्या कलम १५ मध्ये वीस वर्षांच्या अखंड वापराने हक्क मिळतो हे खरे, पण त्याच कायद्याचे कलम २८ सांगते की एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारच्या वाटेचा हक्क येत नाही. शेतीच्या गाडीवाटेवर सगळ्या वसाहतीच्या मोटारी, पाण्याचे टँकर आणि खडीचे टिप्पर घालण्याचा हक्क आपोआप निर्माण होत नाही. तुमच्या विकासकाने ले-आउटची मंजुरी घेताना पोहोच रस्ता कुठला दाखवला, त्याची किती रुंदी लिहिली, आणि खासगी जमीन लागत असेल तर मालकांकडून नोंदणीकृत दस्त घेतला का, ह्याचे उत्तर त्या मंजुरीच्या फाइलमध्ये आहे. ते उत्तर तुम्हाला मिळायलाच हवे, कारण तुम्ही चाळीस फुटी रस्त्याच्या भरवशावर पैसे दिले आहेत.

त्या माहितीपत्रकाबद्दल. ते फेकून दिले नसेल तर त्याची प्रत, व्हॉट्सॲपवर आलेल्या जाहिराती आणि पैसे भरल्याच्या पावत्या एका फाइलमध्ये लावा. स्थावर संपदा कायदा २०१६, म्हणजे रेरा, फक्त फ्लॅटसाठी आहे असा आपल्या भागात मोठा गैरसमज आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकणारा प्रकल्पही त्यात येतो. कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर तुमच्या प्रकल्पाची नोंदणी शोधा. नोंदणी असेल तर मंजूर नकाशा आणि विकासकाने दिलेली आश्वासने तिथे कुणालाही पाहता येतात. ह्या कायद्याच्या कलम १२ खाली जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाई मागता येते. कलम १४ खाली ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत कामाच्या दर्जातला किंवा सेवांमधला दोष दाखवून दिला तर विकासकाने तो तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. उखडलेले डांबर आणि अर्धवट गटार ह्यात बसतात. तुमच्या ताब्याला अजून पाच वर्षे झाली नसतील, तर ही मुदत वाया जाऊ देऊ नका. तक्रार ऑनलाइन करता येते. तिला मंजूर नकाशा, माहितीपत्रक आणि विकासकाला पाठवलेल्या नोटिशीची पोच जोडा. नोटीस पोच मिळेल अशा स्पीड पोस्टानेच पाठवा. तोंडी आणि फोनवर झालेल्या बोलण्याचा इथे काही उपयोग होत नाही.

कागद मिळत नसतील तर माहितीचा अधिकार आहे, पण अर्ज नीट लिहा. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा लागतो आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो; शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. पानभर कैफियत लिहिली तर अर्ज परत येण्याचे निमित्त तुम्हीच हातात दिल्यासारखे होते. बुडाकडे एक अर्ज करा: ‘अमुक सर्व्हे नंबरमधील मंजूर ले-आउट नकाशाची, मंजुरीच्या अटींची आणि पोहोच रस्त्यासंबंधीच्या कागदांची प्रमाणित प्रत मिळावी.’ पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांकडे दुसरा: ‘ह्या ले-आउटमधील रस्ते पंचायतीकडे हस्तांतरित झाल्याच्या दस्ताची प्रत मिळावी, हस्तांतरण झाले नसल्यास त्यासंबंधी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती मिळाव्यात.’ एवढे पुरे आहे.

अर्ज कुठल्या भाषेत करायचा, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण आपल्या भागात तो प्रत्येकाच्या मनात असतो. आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येकाला दिलेला आहे, तेव्हा मराठी निवेदन घेणार नाही असे कुणी म्हटले तर शांतपणे हा अनुच्छेद दाखवा. त्याचबरोबर माझा आग्रहाचा सल्ला असा, की सोबत कन्नड प्रतही जोडा. तुमच्या वसाहतीत कन्नड बोलणारी कुटुंबे नक्की असतील. त्यांच्यापैकी कुणाला मसुदा करायला सांगा आणि सह्या सगळ्यांच्या एकत्र घ्या. रस्त्याच्या मागणीत भाषेवरून दोन गट पडले तर काम तिथेच अडकते, हे आपण सीमाभागातल्या लोकांनी पुष्कळ भोगलेले आहे.

आता गाड्यांचे. ह्यात विकासकाचा किंवा पंचायतीचा दोष थोडा आणि आपला अधिक आहे, हे मी स्पष्टच लिहितो. नकाशात आतला रस्ता ९ मीटर, म्हणजे ३० फूट, असेल असे धरू. दोन्हीकडची गटारे आणि कडा वजा केल्या की डांबराचा पट्टा साधारण साडेपाच मीटर उरतो. मोटार पावणेदोन मीटर रुंद असते. एका बाजूला गाड्या लागल्या तर पावणेचार मीटर वाट मोकळी राहते आणि टँकरसुद्धा सावकाश जातो. दोन्ही बाजूंना लागल्या तर जेमतेम दोन मीटर. रुग्णवाहिका आरशांसह दोन मीटरच्या वर जाते आणि अग्निशामक बंब अडीच मीटरच्या आसपास असतो. तुमच्या सासऱ्यांसाठी आलेली रुग्णवाहिका त्या रात्री वळणावर का थांबली, ह्याचे उत्तर ह्या आकड्यांत आहे.

आणि हे नुसते गाड्यांमुळेही होत नाही. संध्याकाळी वसाहतीतून एक फेरी मारा आणि एकेका घरासमोर थांबून पाहा. फाटकासमोर गटारावर टाकलेला काँक्रीटचा उतार रस्त्यात हात-दीड हात पुढे आलेला असतो. त्याच्यासमोर दुसऱ्याने गाडी लावू नये म्हणून सिमेंट भरलेले रंगाचे दोन डबे किंवा दगड मांडलेले असतात. शेजारी बांधकाम संपून वर्ष झाले तरी उरलेली वाळू तशीच असते; मृगाच्या पहिल्या सरीत ती गटारात जाते, उताराखालचा पाइप आधीच लहान, तो तुंबतो आणि पाणी रस्त्यावर येते. आपल्या पश्चिम भागाच्या पावसात असे पाणी साचलेले डांबर एक पावसाळाही काढत नाही. नवा रस्ता मागण्याआधी हे उतार रस्त्याच्या हद्दीत मागे घेणे, डबे आणि दगड उचलणे आणि वाळू हलवणे वसाहतीला स्वतःच्या बळावर करता येईल, आणि त्याने रस्ता दोन-तीन फुटांनी रुंद झालेला तुम्हाला आठवड्यात दिसेल.

गाड्या एकाच बाजूला लावण्याचा नियम करा. रोज बाजू बदलणारा सम-विषम नियम बाजारपेठेत ठीक असतो, पण राहत्या घरांच्या रस्त्यावर त्याचा जाच होतो. दर महिन्याला बाजू बदलली तर कुणा एकाच्याच फाटकासमोर कायम गाडी राहत नाही आणि तक्रार कमी होते. वळणाजवळ आणि चौकाजवळ दोन्हीकडे किमान पंधरा फूट काहीही उभे करू नये. वळणावर, चौकाजवळ, पदपथावर आणि कुणाच्या फाटकासमोर गाडी उभी करू नये हे मोटार वाहन चालन विनियम २०१७ मध्येही आहेच, पण शेजाऱ्याला विनियमाचा आकडा सुनावण्यापेक्षा बैठकीत सगळ्यांसमोर ठरवलेला नियम अधिक पाळला जातो. ज्या घरांनी मंजूर नकाशात दाखवलेली गाडीची जागा बंद करून तिथे भाड्याची खोली किंवा दुकान काढले आहे, त्यांच्याशी मात्र स्पष्ट बोलावे लागेल. त्यांची गाडी आणि भाडेकरूची गाडी अशा दोन्ही गाड्या रस्त्यावर येतात आणि त्याचा भार बाकीच्यांनी सोसायचा, हे न्याय्य नाही. पाहुण्यांच्या गाड्यांसाठी उद्यानाची मोकळी जागा वापरण्याची सूचना आली तर ती मान्य करू नका. उद्याने आणि मोकळ्या जागांच्या रक्षणासाठी राज्यात १९८५ चा कायदा आहे, आणि एकदा तिथे गाड्या लागू लागल्या की मुलांना ती जागा परत मिळत नाही.

वेग कमी करण्यासाठी घरासमोर मातीचा किंवा काँक्रीटचा ढीग घालू नका. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. तो रस्त्याच्या अधिकृत धन्याकडून, पांढरे पट्टे आणि फलक लावूनच करून घ्यावा. उंच आणि अरुंद ढिगावर दुचाकीवरच्या बाईमाणसांचे, विशेषतः पाठीमागे बसलेल्यांचे, अपघात होतात.

मंगल कार्यालयाशी भांडण लग्नाच्या दिवशी करू नका. त्या दिवशी मालकाच्या हातात काही नसते. तुळशीचे लग्न होऊन मुहूर्त सुरू व्हायच्या आधी वसाहतीचे चार-पाच जण मालकाला भेटा, कार्यालयाच्या आवारात किती गाड्या मावतात ते विचारा, आणि तोंडाशी दोरी लावून माणूस उभा करण्याचे लेखी कबूल करून घ्या. त्या पत्राची प्रत पंचायतीला द्या, कारण कार्यालयाचा परवाना पंचायतीकडे असतो, आणि दुसरी जवळच्या पोलीस ठाण्यात द्या. त्यानंतरही वाट पूर्ण अडली तर ११२ वर फोन करा आणि गाड्यांच्या क्रमांकांसह छायाचित्रे ठेवा.

आता पुन्हा गेटकडे आणि त्या काट्यांकडे येऊ. तुमच्या वसाहतीच्या पलीकडे ज्यांची शेते आहेत त्यांची वाट आज तुमच्या आतल्या रस्त्यावरून जात असेल, तर ते तिथून तुमच्या कितीतरी आधीपासून जात आहेत. गेट लावले आणि त्यांनी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे धाव घेतली, तर सार्वजनिक वाटेवरचा अडथळा हटवण्याचा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली निघू शकतो. शिवाय पंचायतीने रस्ता ताब्यात घ्यायचा असेल तर तो सर्वांसाठी खुला असला पाहिजे. गेटबंद रस्त्यावर सरकारी पैसा खर्च करायला कुठलाही अधिकारी तयार होणार नाही. म्हणजे गेटने तुमची देखभालीची मागणीच कमकुवत होते.

रस्त्यावर काट्या टाकणे चुकीचेच आहे. पण ज्याच्या रताळ्याच्या वेलांवरून गाडी गेली त्याच्याकडे तुमच्या वसाहतीतून कुणी गेले का, हे पत्रात लिहिलेले नाही. आधी तिथे जा. नुकसान किती झाले ते विचारा आणि ज्याची गाडी होती त्याने ते भरून द्यावे. ह्या पट्ट्यात भात आणि रताळ्याचे पीक एका हंगामाची पुंजी असते, आणि प्लॉट पडल्यावर उरलेला तुकडा कसणाऱ्या माणसाला प्रत्येक फुटाची किंमत कळते. गावच्या पंच मंडळींना बसवून सुगीपुरता एक शब्द करता येईल: सकाळी शाळेच्या वेळेत ट्रॅक्टर थांबतील, दुपारनंतर मळणीच्या आणि भाताच्या गाड्यांना वसाहतीची वाहने वाट देतील, आणि रुंदी कमी असलेल्या दोन्ही जागी कुणीही थांबणार नाही. त्या दोन जागी समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून झुडपे छाटणे आणि एक गाडी बाजूला घेता येईल एवढी जागा करणे, हे त्या शेतकऱ्यांच्या संमतीने आणि वसाहतीच्या खर्चाने होऊ शकते. कायमच्या रुंदीकरणासाठी त्यांची जमीन लागणार असेल, तर त्यांना रीतसर मोबदला विकासकाने दिला पाहिजे. आश्वासन त्याने दिले होते.

हे सगळे एकट्याने होणार नाही. सात किंवा अधिक रहिवासी मिळून कर्नाटक संस्था नोंदणी कायदा १९६० खाली संघ नोंदवता येतो. तो नोंदवा, म्हणजे पत्रव्यवहार एका नावाने होईल. जे मतदार अजून शहराच्या यादीत आहेत त्यांनी आपली नावे पंचायतीच्या यादीत आणावीत. वॉर्ड सभा आणि ग्रामसभा दर सहा महिन्यांत किमान एकदा व्हावी लागते, आणि पंचायतीची कामे तिथल्या मागणीतून सुचवली जातात. नव्या वसाहतींतले लोक घरपट्टी भरतात पण सभेला जात नाहीत, आणि मग दिवे आणि गटारे गावठाणातच होतात. शाळेच्या बससाठी शाळेला निवेदन द्या, पण त्यासोबत वळण मोकळे केल्याचे छायाचित्र द्या आणि चालकाला बस वळवायला कुठे जागा आहे ते प्रत्यक्ष दाखवा. बस नाकारण्याचे कारण बहुतेक वेळा वळवायला जागा नसणे हेच असते.

घर विकण्याच्या तुमच्या पतींच्या म्हणण्याबद्दलही माझे मत सांगतो. आज घर विकायला काढाल तर येणारा खरेदीदार किंवा त्याला कर्ज देणारी बँक पोहोच रस्त्याचा हाच प्रश्न विचारेल आणि त्याची किंमत तुमच्या दरातून कापून घेईल. बुडाची फाइल आणि पंचायतीचे उत्तर हाती यायला दोन-तीन महिने लागतील. तोपर्यंत निर्णय थांबवा. मंजूर पोहोच रस्ता कागदावर सापडला तर राहा आणि रेराकडे जा. मंजुरीच नव्हती आणि वाट खासगी आहे असे निघाले, तर दिवाणी कामे पाहणाऱ्या वकिलाला ती फाइल दाखवा आणि त्यानंतर दोघांनी बसून विकण्याचा विचार करा.